पाहुण्यांची घंटा

आत्या खरी आत्या एकाच पोरीची होती. ती पोर आमच्या मजल्यावर शर्टांना कफ लावायची आणि दिवसभर "आत्या, आत्या" करायची, म्हणून मग सगळा मजलाच तिला आत्या म्हणायला लागला. मॅनेजर म्हणायचा, मालक म्हणायचा, काजं करणारी म्हातारी आत्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी, तीही म्हणायची. आत्याला त्याचं काही नव्हतं. कोण काय हाक मारतं यापेक्षा शिलाई सरळ येते की नाही, हे तिच्या लेखी महत्त्वाचं.

ती आमची सुपरवायझर. बुटकी, रुंद, चालताना डावीकडे थोडी कललेली, आणि गळ्यात कायम पिवळी टेप. ती टेप मापं घ्यायला कमी आणि आमच्या टेबलांवर फटके मारायला जास्त लागायची. माझ्यावर तिचा खास डोळा. मी कॉलर लावायचे. हात माझा बरा चालायचा, पण तोंड त्याहून जोरात चालायचं, आणि एकदा सांगितलेलं मी मुकाट्याने ऐकलंय असं कधी घडलं नाही. दिवसातून एकदा तरी ती माझा उद्धार करायची. आईबापावरून शिव्या द्यायची नाही. तिने स्वतःच्याच शिव्या तयार केल्या होत्या. "उसवलेली" ही साधी शिवी. "उलट्या टाक्याची" म्हणजे राग चढलाय. "बिनबटणाची" म्हटलं की समजायचं, आज पगारातून काहीतरी कापलं जाणार.

भाचीला मात्र तिने कधी शिवी दिल्याचं मला आठवत नाही. द्यायला पोरीने संधीच ठेवली नव्हती. भाऊ आणि भावजय एकापाठोपाठ गेले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. आत्याने स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून तिला वाढवलं. ती तिच्या बोटाला धरून मोठी झाली आणि बोट सोडलंच नाही. आत्या म्हणाली बस, की बसली. आत्या म्हणाली ऊठ, की उठली. आम्ही तिला "धाकटी आत्या" म्हणून चिडवायचो, तर ती चिडायचीही नाही, लाजायची. इतकं शहाणं माणूस मला तरी सहन होत नाही. पण ती माझ्या शेजारच्याच मशीनवर होती आणि माझा दोरा तुटला की मी न सांगता तो ओवून द्यायची, म्हणून मी तिला सहन केलं.

शर्ट आम्ही शिवायचो ते फार लांबच्या एका देशातल्या कंपनीचे. ते घालणारा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. भिंतीवर कंपनीचा मोठा फलक होता, वर त्यांच्या भाषेत आणि खाली आपल्या: "आमच्यासाठी माणूस पहिला." माणूस पहिला तर मग दुसरं काय, असं मी एकदा मोठ्याने विचारलं होतं. टेबलावर टेपचा फटका बसला.

या कंपनीची माणसं अधूनमधून तपासणीला यायची. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. पाहुणे यायचे ते आमचं बरं चाललंय ना हे बघायला. मास्क आहेत का, वाटा मोकळ्या आहेत का, मागच्या जिन्याचं दार उघडं आहे का, आग लागली तर बाहेर पडायची कवायत होते का. ऐकायला किती छान वाटतं. पण यातलं काही चुकलं तर पाहुणे काय करणार, हे आम्हाला शेजारच्या इमारतीने शिकवलं होतं. तिथे पूर्वी असाच कारखाना होता, आत्या तिथेच शिकली. एकदा पाहुण्यांना तिथे काहीतरी खटकलं, आणि दोन महिन्यांत सगळं काम दुसऱ्या देशात गेलं. आता तिथे खिडक्या फुटल्यात आणि आत कबुतरं राहतात. तेव्हा आत्याने लहानग्या भाचीला घेऊन कसे दिवस काढले, ते ती सांगत नसे. ती एवढंच म्हणायची, की पाहुणे नाराज झाले की नुसते जात नाहीत, आपली चूल उचलून नेतात.

म्हणून पाहुण्यांची सगळी तयारी आत्याने अंगावर घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मालकाला ती फुकटात मिळाली, त्याचं काय जातंय?

अडचण अशी होती, की पाहुणे फाटकाशी आले हे वर कळायचंच नाही. मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नसे. शेवटी आत्यालाच सुचलं. आगीची घंटा सगळ्या मजल्यांवर ऐकू जाते, मग तीच वाजवायची. वॉचमनने गाडी पाहिली की बटण दाबायचं. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, घंटा नीट चालते की नाही ते आम्ही रोज बघतो. पाहुणे खूश झाले. कागदावर त्यांनी घंटेला चांगले मार्क दिले, असं मॅनेजर हसत हसत सांगत होता.

मग घंटा वाजली की काय करायचं हे तिने आम्हाला बसवलं. आधी वाटेतले कपड्यांचे गठ्ठे मशीनखाली सरकवायचे. मग कपाटातून मास्क आणायचे. मास्क एरवी कपाटातच असायचे, मळू नयेत म्हणून. मास्क नीट लावायचा, दोऱ्या दोन्ही कानांमागे, आणि जागेवर ताठ बसायचं. इकडेतिकडे बघायचं नाही. तोवर मॅनेजरचा माणूस मागच्या दाराचं कुलूप काढून ठेवायचा. ते दार एरवी बंद, कारण तिथून माल चोरीला जातो असं मालकाच्या डोक्यात बसलं होतं. पाहुणे खाली चहा घेऊन वर यायचे, फिरायचे, आणि मग कवायत बघायची म्हणायचे. तेव्हा आत्या गळ्यातली टेप काढून हातात घ्यायची. ती आमची खूण. टेप निघाली की सगळ्यांनी उठायचं आणि रांगेने खाली जायचं. तोवर छत कोसळलं तरी हलायचं नाही, असं ती म्हणायची. एक बारीक मान असलेली पाहुणी होती, तिने एकदा माझा मास्क जवळून बघितला. पाकिटातल्या घड्या त्यावर तशाच होत्या. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली. त्या बाईला सगळं कळलं होतं, हे मी आजही कुठेही शपथेवर सांगेन.

आमची कवायत इतकी सुंदर व्हायची की कंपनीने तिचे फोटो काढून नेले.

त्या दिवशी दुपारी जेवणं होऊन काम परत सुरू झालं होतं. लेबलं उलटी लागली म्हणून आत्याला खाली पॅकिंगमध्ये बोलावलं होतं. थोड्या वेळाने घंटा वाजली.

मजल्यावर कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मशीन थांबल्या. गठ्ठे मशीनखाली गेले. भाची उठली, कपाट उघडलं, आणि एकेकीला मास्क वाटत आली. आत्या नसली की तीच हे बघायची. मला मास्क देताना हळूच म्हणाली, "ताई, आज तरी नीट लाव." मी लावला. सगळ्या ताठ बसल्या. कुणीतरी म्हणालं, काहीतरी जळकं येतंय. दुसरी म्हणाली, इस्त्रीवाल्याने शर्ट जाळला असेल, नेमका पाहुण्यांच्या तोंडावर. दोघीतिघी हसल्या.

मग जिन्याच्या दाराखालून धूर आला. तरीही बसून होत्या. मी उठले. भाचीने माझा हात धरला.

"आत्या येऊ दे," ती म्हणाली. "टेप निघाली नाही अजून."

"तुझी आत्या गेली खड्ड्यात. ऊठ."

"ताई, पाहुणे खाली असतील. सगळ्यांचं काम जाईल."

मी तिचा हात झटकला. तिला ओढायला पाहिजे होतं का? ओढलं होतं. तिने मशीनचा पाय पायाने घट्ट धरून ठेवला होता, आणि इतक्या शांत पोरीच्या अंगात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या जिन्याने आम्ही काहीजणी धुरातून खाली आलो. ज्या आल्या त्यांची नावं पुढे आम्ही बसून आठवली तेव्हा लक्षात आलं, की सगळ्या माझ्यासारख्याच. उशिरा येणाऱ्या, उलट बोलणाऱ्या, आत्याच्या शिव्या खाणाऱ्या. ज्यांच्यावर ती खूश असायची त्या वरच राहिल्या. नंतर त्याही उठल्या असणार, पण तोवर पुढचा जिना गेला होता आणि मागच्या दाराला कुलूप होतं. किल्लीवाला माणूस धुरामुळे वर पोचलाच नव्हता.

खाली आवारात आत्या उभी होती. दोन माणसांनी तिला मागून धरून ठेवलं होतं, नाहीतर ती जिन्यात शिरली असती. तिने गळ्यातली टेप काढली होती आणि हात उंच करून ती खिडक्यांकडे हलवत होती. जिवाच्या आकांताने हलवत होती. खिडक्यांच्या काचा मालकाने पांढऱ्या रंगवून घेतल्या होत्या, आम्ही काम सोडून बाहेर बघू नये म्हणून.

भाची मशीनजवळच सापडली. तिला जाळ लागला नव्हता, धुराने गेली. ओळख पटवायला आत्याबरोबर मी गेले होते. मास्क तोंडावर होता, दोऱ्या दोन्ही कानांमागे. आत्याने तो काढला, घडी घातली आणि मुठीत ठेवला. रडली नाही. मला त्या वेळी तिचा इतका राग आला होता की मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तरी तिचा हात सोडवेना.

कंपनीचं निवेदन आलं. कंपनीला तीव्र दुःख झालं होतं. कामगारांना प्रशिक्षण दिलेलं होतं, घंटा चालू स्थितीत होती, मास्क पुरवलेले होते, कवायत नियमित होत होती. यातला एक शब्द खोटा नाही. मालक त्यांच्याही पुढे गेला. त्याने सांगितलं, की एका सुपरवायझरने परस्पर चुकीच्या सूचना दिल्या होत्या. तेही खरंच. मग सगळ्या गावाने आत्यावर तोंडसुख घेतलं. तिच्या दारापुढे एका मेलेल्या मुलीची आई रोज येऊन बसायची. आत्या तिला पाणी द्यायची, ती ते ओतून टाकायची, आणि दोघी दाराच्या दोन बाजूंना बसून राहायच्या. चूक आत्याचीच होती, हे मी नाकारत नाही. पण तिने आम्हाला वाचवायला केलं, आणि ज्यांनी कागदावर मार्क दिले त्यांनी स्वतःला वाचवायला. या दोन गोष्टी एका तराजूत घालणाऱ्यांची मला चीड येते.

काही महिन्यांनी मालकाने आम्हा उरलेल्यांना आपल्या दुसऱ्या इमारतीत घेतलं. कंपनी तीच, फलक नवा. आणि एका सकाळी बघते तर आत्या आत शिरतेय. पाहुण्यांना काय लागतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मालकाने गुपचूप तिलाच परत बोलावलं होतं. मी तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, लाज कशी वाटत नाही.

"मी नाही आले तर दुसरी कुणीतरी येईल," ती म्हणाली. "आणि मी शिकवलेलंच शिकवेल."

ती बदलली होती. शिव्या बंद. गळ्यात टेप नाही. मॅनेजरने नवी दिली ती तिने खणात टाकली. पोरींना ती एकच गोष्ट शिकवायची. घंटा वाजली की उठायचं. मास्क नाही, गठ्ठे नाहीत, चपला नाहीत. अर्ध्या पुढच्या जिन्याने, अर्ध्या मागच्या. कुणाकडे बघायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच. हे शिकवताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे बघायची सवयच लागू नये.

मॅनेजर नवा होता, शिकलेला, गोड बोलायचा. एकदा त्याने आत्याला बोलावून सांगितलं, की आगीची घंटा फक्त आगीसाठीच, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्या घंटेला आता हात लावायचा नाही. पाहुण्यांसाठी आपण वेगळी सोय करू. आणि त्याने मजल्यावर एक निळा दिवा बसवला. गाडी फाटकाशी आली की दिवा लागेल. मग गठ्ठे सरकवायचे, मास्क लावायचे, मागचं कुलूप काढायचं. कुलूप मग एरवी कशाला, असं आत्याने विचारलं. तो म्हणाला, चोऱ्या होतात. आत्या दिव्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. वाटेत ती एवढंच म्हणाली, की पोरी पुन्हा तशाच ताठ बसतील गं.

पाहुणे आले. निळा दिवा लागला. मजल्यावर हालचाल सुरू झाली, एकजण कपाटाकडे गेली. पाहुणे खाली ऑफिसात चहाला बसले होते. कुलूप काढणारा माणूस किल्ली घेऊन अजून जिन्यातच होता. आत्या भिंतीपाशी गेली आणि तिने आगीच्या घंटेचं बटण दाबलं.

पोरी उठल्या. अर्ध्या पुढे गेल्या, अर्ध्या मागे. मी मागच्या अर्ध्यांत होते. आम्ही दाराशी पोहोचलो आणि अर्थातच दार बंद. मागून पोरी येतच होत्या. जुन्यांपैकी एकीला ते कुलूप दिसलं आणि ती किंचाळली, मग सगळ्यांनीच दार बडवायला सुरुवात केली. आत्या मागे उभी राहून मोठ्याने सांगत होती, आग नाही, कुणी ढकलू नका, पण दार बडवा. घंटा झाल्यामुळे पाहुणे नियमाप्रमाणे बाहेर आवारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या डोक्यावर, जिन्याच्या टोकाला, ते दार आतून धडधडत होतं आणि मॅनेजर किल्लीसाठी ओरडत पळत होता. बारीक मानेची ती पाहुणी तिथे होती. पुढच्या जिन्याने उतरलेल्यांनी सांगितलं, की ती तोंडावर हात घेऊन रडत होती. रडली असेल.

मॅनेजरने आत्याला सगळ्यांदेखत विचारलं, हे काय केलंस. ती म्हणाली, घंटा चालते की नाही ते बघितलं.

पंधरवड्यात कंपनीचं पत्र आलं. कंपनीच्या तत्त्वांत हे बसत नव्हतं. माणसाच्या जिवाशी खेळ करणाऱ्या कारखान्याकडून कंपनी यापुढे एकही शर्ट घेणार नव्हती. फार चांगलं पत्र होतं. कुलूप काढा, किल्ली फेकून द्या, आम्ही दर महिन्याला न सांगता येऊन बघू, एवढं म्हणाले असते तर आम्ही त्यांचे पाय धरले असते. ते म्हटलं नाही. काम दुसऱ्या देशात गेलं. तिथेही एक मागचा जिना असेल, आणि एखादी आत्या. आम्ही सगळ्या घरी बसलो.

आत्याच्या घरी आता कुणी जात नाही. मी जाते. परवा गेले तेव्हा ती शेजाऱ्यांचे कपडे दुरुस्त करत बसली होती. मी रागातच होते. माझंही काम गेलंय, घरात दोन तोंडं आहेत. मी तिला तोंडावर सांगितलं, की सगळ्याजणी तुला शिव्या देतायत.

तिने सुई थांबवली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"काजंवालीची सूनही? ती मागच्या दाराशी पहिली होती."

"ती तर नळावर उभी राहून देते."

"आणि बाहीवाली, ती घाबरट?"

"ती रडून देते."

"आणि तू?"

"मी आत्ता देतेच आहे की."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ते समाधान होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण तसंच काहीसं होतं. "देऊ देत," ती म्हणाली. "द्यायला आहेत ना."

मग ती परत शिवायला लागली. शिवता शिवता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "आमची पोर एकदा जरी उलटून बोलली असती ना मला."